मुडद्याचं काम

श्रावणचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी बसल्या जागी दचकायची. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तो बाप झाला, पाटील झाला, दारुडा झाला. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र कायमचा. बायको कांता ओरडली, की म्हणायचा, आवाज याच्यानंच तर सुटते. घ्या! त्या खर्र्यानंच घात केला. नागपूरला ऑपरेशन झालं, बोलणं गेलं, अर्धा जबडा गेला, आणि वर्ष व्हायच्या आत दुखणं पुन्हा उगवलं. डॉक्टरांनी कांताला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच न्या. तिनं नेलं. दुसरं काय करणार होती बिचारी?

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, आणि त्यांतली रात्र-रात्र चालणारी नाटकं सुरू झाली, आणि एक दिवस श्रावण नाटक कंपनीच्या मालकाच्या, खुशालभाऊंच्या, अंगणात जाऊन चक्क उताणा पडला. डोळे मिटलेले, हात छातीवर. खुशालभाऊंना आधी वाटलं, गेला की काय! मग उमगलं. यंदाच्या नाटकात शेवटच्या अंकात बाप मेलेला असतो, आणि ते काम एक उशी आणि एक चादर मिळून करणार होत्या. श्रावणला ती उशी हटवायची होती. मुडद्याची हनुवटी बांधतातच. याच्या गालावरची पट्टी आयतीच होती. खुशालभाऊ कांताला म्हणाले, काम देतो बाई, पण हा हलला आणि लोक हसले, तर पुन्हा उशीच.

पहिला प्रयोग धानोऱ्याकडच्या एका गावात होता. कांतानं वेळ साधून दुखण्याचं औषध पाजलं. पण मंडईतलं नाटक वेळेवर सुरू झालं तर ते नाटक कसलं? पाहुण्यांचे सत्कार, पाहुण्यांची भाषणं, मग राहिलेल्या पाहुण्यांचा रुसवा. शेवटचा अंक येईस्तोवर औषधाचा जोर उतरला आणि श्रावणच्या कपाळावर थंडीतही घाम फुटला. कांतानं बाटली पुढं केली. त्यानं तिचा हात बाजूला सारला. त्या औषधानं गाढ झोप लागायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"झोपले तं झोपले," ती कळवळून म्हणाली. "तुमाले पडूनच तं राह्याचं हाये."

त्यानं नुसती मान हलवली. झोपून पडायला उशी होतीच की.

कांता समोर बायकांत जाऊन बसली. उजाडत आलं होतं. नाटकातली लेक, पिंकी, "बाबा" म्हणून त्याच्या अंगावर कोसळली, आणि कोसळली ती नेमकी दुखऱ्या बाजूवर. चादरीबाहेर राहिलेला त्याच्या पायाचा अंगठा एकदा वळला. तो फक्त कांताला दिसला. उठावं, बंद करा म्हणून ओरडावं! पण ओरडली तर त्याच्या जागी पुन्हा उशी. तिनं पदर दातांत धरला. टाळ्या पडतात म्हटल्यावर पिंकी रडगाणं आणखीच लांबवत होती, मेली! आणि तो पडून होता. दुखणं त्याला विचारून आलं नव्हतं, कापाकापीही कोणी विचारून केली नव्हती. हे न हलणं तेवढं त्याचं स्वतःचं होतं. कांताला त्याचा राग आला, अभिमान वाटला, आणि करता मात्र काहीच आलं नाही.

पडदा पडला तशी ती मागं धावली. तो तसाच पडलेला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"हालले नाई तुमी," ती म्हणाली. "जराकबी नाई."

तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले, आणि अंकभर छातीत दाबून धरलेलं कण्हणं बाहेर पडलं. ते ऐकून पिंकी डोळे पुसायची थांबली. कांतानं औषधाची बाटली उघडली. बाहेर लोक चादरी झटकत घरी निघाले होते. कोणीतरी म्हणालं, मस्त मेला ना बे श्रावण!

ते त्यानं ऐकलं. कण्हता कण्हता त्यानं कंपनीच्या गाडीकडं बोट केलं आणि भुवई उडवली. उद्याचा प्रयोग कुठं, विचारत होता.

कांतानं डोळे पुसले आणि गावाचं नाव सांगितलं.