पाक उतरायची खूण

आमचे अण्णा कचरा वाचत. त्या काळी संगणकातलं मराठी म्हणजे इंग्रजी चिन्हांवर चढवलेला मराठी फॉन्ट. फ्लॉपी बिघडून फाईल मोडली की फॉन्ट गळून पडे आणि पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उरत. मंगळवार पेठेतल्या आपल्या टायपिंगच्या दुकानात अण्णा त्या चिन्हांवर बोट फिरवत मोठ्याने मराठी वाचत.

"अण्णा, मंत्र म्हणताय काय?" लग्नपत्रिकेसाठी खोळंबलेल्या एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं.

"व्हय की! तुमच्या थोरल्या मामाचं नाव हाय ह्ये. गप बसा, न्हाईतर मामा रुसंल."

जे सापडलं नाही तिथे अण्णा टिंबं देत. अंदाजाने शब्द भरत नसत.

मी मुरगूडची, आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील गुळवे, म्हणजे गूळ करणारे कारागीर होते; गुऱ्हाळावर काहिलीत उकळणारा उसाचा पाक कधी उतरवायचा ते नुसत्या नजरेने ओळखायचे. गूळ करण्याच्या कसबावरच्या माझ्या एम.ए.च्या प्रबंधासाठी त्यांना अण्णांच्या दुकानात बसवलं होतं आणि ते बोलतील तसं मी टाईप करून फ्लॉपीत ठेवलं होतं. पुढे वडील गेले. प्रबंध अर्धा असतानाच ती फ्लॉपीही बिघडली. त्यांचं बोलणं दुसरीकडे कुठेच नव्हतं.

अण्णांनी फाईल उकलायला घेतली. "जाळाकडं बघ पोरी, माझ्याकडं काय बघतीस?" अण्णा वाचत होते, पण बोलत होते माझे वडील. मला हुंदका आवरेना. अण्णाही थांबले, नाक पुसून पुढे वाचू लागले. "पाक उतरायची खूण अशी, की..." आणि तिथे फाईल तुटली.

"तुम्ही निपाणीकडचे, अण्णा, गुऱ्हाळं बघतच वाढलेले. तुम्हाला खूण माहीत असेल. घाला ना तेवढी."

"ठावं हाय की. पण तुझ्या बाच्या तोंडात माझं बोलणं कसं घालू, पोरी?"

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "फ्लॉपीत फुडचा तुकडा घावलाय. चिन्हं लई बारीक हाईत. नवा चष्मा आणतो, रविवारी ये."

रविवारी दुकान बंद होतं. शेजारचा पानवाला खाली उतरून आला. "अण्णा गेलं, ताई. काल सकाळी."

अण्णांच्या पत्नीने, काकूंनी, तो तुकडा असलेली फ्लॉपी माझ्या हाती दिली. आजही माझ्या संगणकात तो तसाच आहे. नव्या सॉफ्टवेअरमधून काढला की रिकामे चौकोन येतात. जुन्या फॉन्टच्या चिन्हांवर बोट फिरवत बसले, तर एका ओळीत 'पोरी' एवढंच लागतं.

खूण काय, मुरगुडातला कुठलाही गुळव्या सांगेल. मी कुणाला विचारलेली नाही. प्रबंधात त्या जागी टिंबं आहेत.