लंगडीत दयामाया नसते

लहान मुलांना हरवण्यात इतका निर्मळ आनंद मानणारा माणूस अंबरनाथमध्ये दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले, वय सदुसष्ट, आणि दर मे महिन्यात आमच्या चर्चच्या खेळ-शिबिरात ते आठ-दहा वर्षांच्या पोरांना अक्षरशः धूळ चारत. तिसरीतल्या मुलाला बुद्धिबळात चार चालींत मात देऊन वर त्याला ‘कुठे चुकलास सांगू?’ असं विचारत. लिंबू-चमच्यात मागच्या पोराचं लिंबू पडलं तर मागे वळूनही बघत नसत. पण त्यांचा खरा जीव लंगडीत. पँटच्या पायांना रबरबँड लावून, एक पाय मुडपून ते चौकोनात उतरले की पोरं जिवाच्या आकांताने किंचाळत सुटायची. एप्रिलमध्ये घरातच सराव चाले. खालच्या मजल्यावरच्या बाई दरवर्षी वर येऊन ‘मसाला अजून किती कुटायचाय?’ म्हणून विचारून जात.

शिबिरात ते पहिल्यांदा आले ते तक्रार करायला. मी तिथे हजेरी, पाण्याची पिंपं आणि खरचटलेले गुडघे सांभाळणारा स्वयंसेवक. मला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल. पण त्यांची तक्रार वेगळीच होती. ते थेट फादरांकडे गेले आणि म्हणाले, “ही काय लंगडी आहे? पोरं पाय टेकवून दम खातायत, आणि तुमचे सर टाळ्या वाजवतायत!” फादरांनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. काका क्षणभर घुटमळले. “फादर, मी जयभीमवाला आहे. चर्चमध्ये चालेल?” फादर म्हणाले, “लंगडी येते ना? मग झालं.” त्या दिवसापासून नऊ उन्हाळे त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. सकाळी साडेसहाचं शिबिर, हे पावणेसहाला गेटवर उभे, आणि मी सहाला पोचलो की माझ्याकडे असे बघत की मला रजेचा अर्ज द्यावासा वाटे.

एकदा एक पोरगा हरून रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. “अंकल, बच्चा आहे तो. एकदा जिंकू दिलं तर काय बिघडतं?” काका शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमचा मुलगा मला एक दिवस खरोखर हरवणार आहे. तो दिवस तुम्ही आजच कशाला खराब करताय?” बाईंना ते पटलं नसावं, पण पोरगा दुसऱ्या दिवशीही आला. कारण काकांना हरवणं हेच तर सगळ्यांचं उन्हाळ्यातलं स्वप्न होतं. एखाद्याला ते जमलंच, तर काका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पेढे घेऊन त्याच्या घरी जात आणि आईबापांसमोर कबूल करत, “आज तुमच्या पोराने मला दमवलं.” एका मुलीसाठी ते भर उकाड्यात बदलापूरला कात्रपपर्यंत जाऊन आले होते. नऊ वर्षांत असे पेढे जेमतेम सहा-सात घरांत पोचले असतील.

मागच्या वर्षी जानेवारीत त्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी जिने कमी करायला सांगितले, लंगडीचं विचारायची तर सोयच नव्हती. तरी मे उजाडला आणि काका पावणेसहाला गेटवर हजर. काकूंनी आदल्या दिवशी मला दारात गाठून सांगितलं होतं, “भाऊ, ह्यांच्याकडे जरा लक्ष द्या. माझं ऐकत नाहीत.” तेव्हा मी एक चांगलं काम केलं. ते अजून मला छळतंय. काका हातपाय धुवायला नळावर गेले, तेवढ्यात मी पोरांना गोळा करून सांगितलं, “काकांचं ऑपरेशन झालंय. त्यांना पळवू नका. लवकर बाद व्हा.”

पोरं एकदा ठरवलं की मन लावून करतात. काका चौकोनात आले. पहिलाच पोरगा सपाट जमिनीवर घसरून पडला. दुसरा पळता पळता बुटाची नाडी बांधायला बसला, आणि त्याच्या पायात चप्पल होती. तीन वर्षं काकांच्या हाती न लागलेली एक चपळ पोरगी चालत चालत त्यांच्या हाताखाली आली आणि “अय्यो, बाद झाले!” म्हणून हसली. एका मिनिटात सात जण बाद. बाहेरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. काका मैदानाच्या मधोमध एका पायावर उभे होते. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि मुडपलेला पाय सावकाश खाली ठेवला. “माझा पाय टेकला,” ते म्हणाले. “मी बाद.”

परतताना रिक्षात त्यांनी बाहेर बघतच विचारलं, “पोरांना कोणी सांगितलं?”

“काय सांगितलं?” मी म्हणालो. मला खरं बोलायची लाज वाटली, आणि खोटं बोलायची त्याहून जास्त.

“काही नाही,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून दिवाळीनंतर मुलाने दोघांना वांगणीला आपल्या नव्या फ्लॅटमध्ये नेलं. निरोप घेताना काका माझ्याशी नेहमीसारखंच बोलले. तेच मला सोसलं नाही.

या वर्षी लंगडी मी घालतो. गुडघे माझेही कुरकुरतात, आणि खरं सांगायचं तर एखादं पोर रडवेलं झालं की माझा हात आपोआप मागे येतो. तिसऱ्याच दिवशी ती चपळ पोरगी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. “सर, तुम्ही मुद्दाम सोडता. मजाच नाही येत. काकांना बोलवा ना. त्यांना सांगा, या वेळी आम्ही एकदम खरं खेळणार.”

वांगणी काही लांब नाही. पण हा निरोप द्यायचा, तर त्या सकाळी पोरांना कोणी सांगितलं होतं, तेही सांगावं लागेल. शिबिराचे आता चारच दिवस उरलेत, आणि मी अजून गेलेलो नाही.