बावटेवाल्याचं पाखरू

"थांब, परत बघतो."

काहीही नवीन दिसलं की तो आधी हे म्हणायचा. मग खांद्यावरच्या पंच्याने दोन्ही डोळे पुसायचा, जरा वेळ जमिनीकडे बघायचा आणि पुन्हा समोर नजर लावायचा. दुसऱ्यांदाही तेच दिसलं तरच बोलायचा. नाहीतर गप्प.

आमच्या रत्नागिरीच्या बंदरावर तो बावटेवाला होता. एकोणीसशे वीस सालानंतरची, आगबोटीच्या काळातली गोष्ट. वादळाची सरकारी तार आली की काठीवर बावटा चढवायचा, एवढंच त्याचं काम. मी मचव्याचा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीवरचा म्होरक्या. शाळा दोन इयत्ता, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. त्याचं नाव लिहीत नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, त्याला आठवा.

तार रोज थोडीच येते? बाकीचा वेळ तो पाखरं बघायचा. थंडीत आमच्या खाडीत परमुलखातली पाखरं उतरतात. कुरव दरसाल येतात, त्यांचं कुणाला कौतुक नाही. त्यालाही नव्हतं. त्याला हवं कधी नव्हे ते येणारं पाखरू. एकदा नारिंगी बदकांची जोडी आली, तर पठ्ठ्या दोन दिवस जेवायचं विसरला.

असं पाखरू दिसलं की तो बावट्याच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने काढून ठेवायचा. दिवाळीआधी खोलीला चुना लावायचं कामही त्याचंच. तो चित्रं सोडून, भोवतीने चुना फिरवायचा. माझी बायको म्हणायची, "भिंतीला देवी येऊन गेल्यागत दिसतंय."

एका मार्गशीर्षात तो सकाळी धावत आला. आम्ही वाळूत जाळी सांधत होतो.

"खाजणात, खाडीच्या चिखलात एक पाखरू उभं आहे. माझ्या छातीएवढं उंच. पाय काठीसारखे, चोच मधेच वाकडी, आणि पंख उघडला की आत गुलाबी!"

मी विचारलं, "बगळ्यान कुंकू लावलान काय रे?"

सगळे पोट धरून हसले. त्याचा चेहरा उतरला.

"मी दोनदा पाहिलं," तो म्हणाला.

"मग तिसऱ्यांदा बघ. बगळाच निघंल."

चार जण खाजणापर्यंत जाऊनही आले. तिथे चिखल आणि बगळे. झालं! तेव्हापासून त्याने बावटा लावला की पोरंसोरंही विचारायची, "आज कुणासाठी? लाल बगळ्यासाठी?" पुढे गंमत राहिली नाही. ज्याला नसलेलं पाखरू दिसतं त्याच्या भरवशावर आम्ही दर्यात जायचं कसं, असं लोक म्हणू लागले. माणूस बदला, असा बंदराच्या साहेबाला अर्ज लिहिला. त्या अर्जावर माझीही सही होती. लपवून काय करू? बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

अर्ज अजून माझ्याच खिशात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निळंशार, दर्या परातीतल्या पाण्यासारखा. आणि काठीवर बावटा. दोन मचवे हसतहसत निघून गेले. आम्हीही आमचा लोटायला लागलो, तेवढ्यात बायको खाजणातून मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढून आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

"कुठं चाललाव?"

"दिसत नाय? दर्यात."

"बावटा हाय."

"लाल बगळ्याचा हाय तो."

तिने टोपली खाली ठेवली आणि पदराची गाठ सोडली. आत एक पीस होतं. बोटभर लांब, कण्हेरीच्या फुलासारखं गुलाबी.

"आत्ता माझ्यासमोरनं उठून गेलं. तो बोलला तस्संच. चोचपण वाकडी. पाखराचं खरं बोलला, तो बावट्याचं खोटं कशाला बोलंल?"

एवढं बोलून ती मचव्यावर चढली आणि नाळेवर, पार पुढच्या टोकाला, मांडी घालून बसली. "आता लोटा. माझ्यासकट."

कोण लोटणार? माझी माणसं हसायला लागली. मीही टेकलो.

दुपार कलली आणि दक्षिणेकडून वारा असा आला की किनाऱ्यावरची माणसं आडवी झाली. गेलेले दोन मचवे संध्याकाळी डोलकाठ्या मोडून, पाणी उपसत परत आले. माणसं वाचली, देवाची कृपा. अर्ज मी तिथेच वाळूत फाडला.

मग बायकोला घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. म्हटलं, "हे पीस घे. उद्या सगळ्या बंदराला दाखव. माझ्या तोंडावर मार."

त्याने पीस उजेडात धरून पाहिलं, डोळे पुसले, परत पाहिलं. मग माझ्या बायकोच्या हातात ठेवलं.

"वहिनी, तुम्हीच ठेवा. आज पिसावरून विश्वास ठेवतील, तर उद्या बावट्यालाही पिसं मागतील." मग माझ्याकडे वळला. "तू बस. चहा घे."

एवढाच माझा दंड.

पुढे तो पेन्शनीत निघाला, संगमेश्वराकडे आपल्या गावी गेला आणि तिथेच वारला. नव्या माणसाने पहिल्याच दिवाळीला सगळी भिंत पांढरी केली. तरी तिरप्या उन्हात चुन्याखाली कोळसा दिसतो. मी दोनदा जाऊन पाहिला.

यंदा श्रावणात माझी बायको गेली. तिचा करंडा उघडायला मला थंडी यावी लागली. आत कुंकू होतं, आणि शेजारी कागदात गुंडाळलेलं पीस. रंग पार उडालेला. पांढरं.

घरात बसवत नाही म्हणून ओहोटीला मी खाजणात जातो. काल लांब चिखलात काहीतरी उंच उभं होतं. त्याने पंख उघडला. मला गुलाबी वाटलं.

म्हाताऱ्याचे डोळे, त्यात हल्ली सारखं पाणी. कुणी ऐकायला नव्हतं, तरी मोठ्याने म्हणालो, "थांब, परत बघतो." पंच्याने डोळे पुसले. पुन्हा पुसावे लागले. जमिनीकडे बघितलं, मग मान वर केली.

उभं होतं. चोच मधेच वाकडी.

दोनदा पाहिलं, म्हणून सांगतो.