वर टाकण्यास सक्त मनाई

येरमाळ्याजवळच्या आमच्या वाशीत दर मंगळवारी पालेभाजी घेऊन येणाऱ्या एका मावशींवर अन्याय झाला. मंगळवारी, सकाळी पावणेआठ वाजता, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर, चारचौघांत.

माझी सगळी पत्रकं अशीच सुरू होतात. अन्याय कुणावर झाला, कधी झाला, कुणी केला. टँकर, बसस्थानकातली मुतारी, शाळेचे गळके पत्रे, सगळ्यांवर मी लिहिलंय. करणारा नेहमी दुसरा कुणीतरी असायचा, त्यामुळं लेखणी सरसर चालायची. या वेळी करणारी मी आहे, म्हणून जरा अडखळतेय.

भाजीच्या गटात मी शिरले ती रागानंच. आमच्या तालुक्यात पिकलेली मेथी लांबच्या मोठ्या बाजारात जाते आणि तिथून पिवळी पडून, महाग होऊन आमच्याच बाजारात परत येते, याचा मला संताप होता. गावातल्या पंधरा-वीस घरांनी यावर तोड काढली होती. जवळच्या तीन-चार शेतांतून थेट भाजी आणायची, गिरणीच्या ओट्यावर सारखे वाटे करायचे आणि आपापल्या पिशवीत न्यायचे. पगारी माणूस कुणी नाही. ज्याला भाजी पाहिजे त्यानं महिन्यातून एक मंगळवार राबायचं.

गट सांभाळायचे ते एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका. पहिल्याच दिवशी मी दलालांवर चार शब्द बोलायला उभी राहिले. काकांनी माझ्या हातात शेपूचं गाठोडं दिलं.

"बोला की, कोण नको म्हणतंय. बोलता बोलता जुड्या सोडा. आन् मधी उभं राहू नका, पुढं सरका."

हा शेपू मावशींचा. येरमाळ्याच्या रस्त्याला त्यांचा अर्ध्या एकराचा तुकडा आहे. मेथी, शेपू, आंबट चुका, कोथिंबीर, थोड्या मिरच्या. काळी-पिवळी जीपच्या टपावर दोन गाठोडी टाकून त्या सातला हजर असायच्या. वांगी, टोमॅटो, भोपळे बाकीच्या शेतांतून यायचे. पाला मात्र फक्त त्यांचा, आणि निम्मी घरं त्या पाल्यापायीच गटात टिकली होती.

तिसऱ्या मंगळवारी माझ्या डोळ्यांत एक गोष्ट खुपली. वाटा पिशवीत पडला तरी लोक हलायचे नाहीत, पिशवीचं तोंड उघडं धरून उभे राहायचे. मग मावशी वर एक मूठ टाकायच्या. कुणाला कोथिंबीर, कुणाला मिरच्या. शेजारच्या आळीतल्या म्हाताऱ्या गुरुजींना तर कढीपत्त्याचा आख्खा झुपका. गुरुजी पिशवी अशी धरायचे, जसे काही देवळात प्रसादाला उभे आहेत. मी म्हटलं, सापडली. हीच ती पिळवणूक. बाजारात शेतकरी बाईकडून लोक वरचं उपटतात, तेच इथं चालू आहे, तेही सहकाराच्या नावाखाली.

त्या आठवड्यात मी सात कलमांचं पत्रक काढलं. कलम चार असं होतं: ठरलेल्या वाट्याच्या वर काहीही मागण्यास, देण्यास वा टाकण्यास सक्त मनाई आहे. नुसतं 'मागण्यास' पुरलं असतं. पण आम्हा पत्रकवाल्यांचं एकावर कधी भागत नाही, तीन लागतातच.

आईनं ते वाचलं. म्हणाली, "त्या बाईला विचारलंस का?"

"अगं, तिच्यासाठीच तर काढलंय."

"म्हणूनच विचारते."

मंगळवारी पावणेआठला गुरुजींची पिशवी पुढं आली, मावशींची मूठ वर आली, आणि मी मधे हात घालून त्यांचं मनगट धरलं.

"मावशी, कलम चार. आता तुम्हाला कुणी लुबाडणार नाही."

गुरुजींनी पिशवीचं तोंड हळूच मिटलं. मावशींनी मूठ गाठोड्यात रिकामी केली, गाठोडं बांधलं, "बरं बाई" म्हणाल्या आणि गेल्या. निम्मा पाला तसाच बांधलेला.

काका म्हणाले, "चालत्या गाडीतून पॅसेंजर उतरवला तुम्ही."

पुढच्या मंगळवारी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ओट्यावर नुसते भोपळे. चार-पाच घरांनी निरोप धाडला की भोपळा बाजारातही मिळतो. काकांनी स्पष्ट सांगितलं, आणखी दोन मंगळवार असेच गेले की गिरणीला परत कुलूप.

"मी एक निवेदन काढते," मी म्हणाले.

"काढू नका. जाऊन या. बायकांना अर्धं तिकीट हाय, तीबी सबब न्हाय तुम्हाला."

मावशी मेथीच्या वाफ्यात खुरपत होत्या. मला बघून खुरपं थांबलं नाही.

"या. कायदा आला."

"मावशी, चुकलं माझं."

"कंच्या कलमात?"

"चौथ्या."

"वाचा की. मला कुठं येतंय वाचाया."

मी पिशवीतून पत्रक काढून वाचलं. आपलंच लिखाण मेथीत उभं राहून मोठ्यानं वाचायची वेळ कुणावर येऊ नये.

"लई भारी लिवलंय," त्या म्हणाल्या. "कुणाच्या बाजूनं हाय म्हणायचं हे?"

"तुमच्याच."

"माझ्या बाजूनं, आन् मलाच ठावं न्हाय."

"पण गुरुजी दर मंगळवारी मागायचे ना?"

"त्येंनी कवा तोंड उघडलंय? म्याच म्हणते, धरा पिशवी." आता खुरपं थांबलं. "म्या लई वर्सं दुसऱ्याच्या रानात रोजानं गेले. सांजच्याला कोण पदरात शेंगा टाकायचं, कोण वांगी. घेत आले. आता माझ्या रानात उगवतंय. टाकायची पाळी माझी आली, तर तुमी मनगट धरलं. चोराचं धरत्यात तसं. गुरुजींच्या म्होरं."

पेन काढून मी चौथं कलम आडवं खोडलं. त्यांनी ते नीट बघितलं.

"नुसतं खोडून भागत न्हाय."

"मग?"

"मंगळवारची भाजी सोमवारी उपटावी लागती, जुड्या बांधाव्या लागत्यात. म्या एकटी. कंबर ऱ्हात न्हाय आता. तुमी समदी मंगळवारी ओट्यावर हुबी ऱ्हाता आन् मला न्याय देता. सोमवारी माणसं धाडा. माणसं आली तर पाला येईल. न्हाय तर न्हाय."

त्या दिवशीच मी वाफ्यात बसले. मी बांधलेल्या पहिल्या दहा जुड्या त्यांनी एकेक करून उचलून बघितल्या.

"तुमच्या पत्रकावाणीच झाल्यात. दिसाया मोठ्या, उचललं की सुटत्यात."

पुढच्या मंगळवारी पाला आला. गुरुजींना कढीपत्ता मिळाला. मला मिळाली एक मिरची, तीही मोडकी, आणि त्यावर काका पोट धरून हसले. गेलेली घरंही आली, पिशव्या घेऊन, मेथी कुठंय म्हणत.

सोमवारी मात्र शेतात आम्ही दोघंच असतो, मी आणि काका. काकांना गुडघ्यामुळं खाली बसता येत नाही. ते बांधावर पोतं टाकून जुड्या बांधतात आणि माझ्या चुका मोजतात. दोघांनी निम्माच वाफा होतो. उरलेला मावशी एकट्या उपटतात. परवा मधेच कमरेला हात लावून बराच वेळ उभ्या होत्या. मग पुढची मेथी पेरू का नको, असं काकांना विचारलं.

काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तुम्ही द्यायचंय. मंगळवारी ज्यांच्या हातात पिशवी असते, त्या सगळ्यांना सांगतेय. या सोमवारी दुपारी चारला शेतावर या. निरोप धाडू नका, घरातल्या सुनेला धाडू नका. स्वतः या आणि वाफ्यात बसा.