तिच्यासारखेच केस

“तू ओढणी घे ना डोक्यावरून.”

ऋतुजा हे म्हणाली तेव्हा माझी बोटं तिच्याच ओल्या केसांत होती. तिच्या साखरपुड्याची सकाळ. आरशात ती माझ्याकडं बघत नव्हती, कानातल्याशी चाळा करत होती.

मी विचारलं, “काहून?”

“पाव्हणे येऊन राहिले. तुझे न् माझे केस सारखे दिसतेत. लोकं काहीबाही इचारतेत.”

सारखे. होतेच सारखे.

हिंगोलीजवळच्या नरसीच्या अलीकडं आमचं गाव. गावात सगळ्यात जास्त जमीन ऋतुजाच्या घरची. आम्ही मेंढरंवाले. उन्हाळ्यात आमची मेंढरं त्यांच्या वावरात बसायची, लेंड्यांचं खत त्यांच्या हळदीला मिळायचं. आम्ही दोघी एकाच वर्गात. दोघींचे केस कुरळे, दाट, मानेवर गोळा होणारे. शाळेतल्या बाई तिच्या केसांतून हात फिरवायच्या, बाहुलीसारखे आहेत म्हणायच्या. मला म्हणायच्या, लोकर वाढली तुझी, कातरून ये. सगळा वर्ग हसायचा. ऋतुजा तेवढी हसायची नाही, खाली बघायची. ते मी लक्षात ठेवलं होतं.

घरी आई तेल थापून एवढी घट्ट वेणी घालायची की डोळे ताणले जायचे. तरी कानामागून बटा सुटायच्याच. मी त्या थुंकी लावून दाबायचे. लेकरू होते. मला वाटायचं, तिचे केस वेगळे असतील, माझे वेगळे.

कॉलेजसाठी आम्ही हिंगोलीत एक खोली केली. तिच्या घरच्यांना सोबत पाहिजे होती, गावचीच, भरवशाची. म्हणून मी. खोलीवर बोअरचं जड पाणी. नहाणं झालं की केस काथ्यासारखे व्हायचे. ऋतुजा रडायची, मशीननं ते सरळ करायची, खोलीभर जळका वास सुटायचा. मी फोनवर बघून बघून शिकले. केस कोरडे असताना कंगवा घालायचा नाही. कंडिशनर लावायचं आणि ओल्यातच बोटांनी गुंता सोडवायचा, टोकापासून वर. टॉवेलनं रगडायचं नाही, जुन्या सुती बनियननं टिपायचं. जवस उकळायचं, पाण्याला चिकट तार आली की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते ओल्या केसांत मुठीनं दाबायचं. मग सुकेपर्यंत हात लावायचा नाही. जवस माझ्या घरून यायचं.

पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी आरशासमोरून हललेच नाही. मऊ बटा, एकेक वेगळी. ह्या माझ्याच होत्या. इतकी वर्षं दाबून धरल्या होत्या. मग मी ऋतुजाचे केले. दर रविवारी ती माझ्यापुढं बसायची, माझ्या गुडघ्याला डोकं टेकून. तिचे झाले की माझे ती करायची. आपण बहिणीच, म्हणायची. ती म्हणायची. मी कधी म्हटलं नव्हतं. मी विश्वास ठेवला, एवढंच.

साखरपुड्याला माझे केस तूच कर, असं तिनं सांगितलं होतं. मी आदल्या दिवशी जवस उकळून डब्यात भरलं. सकाळी निघाले तर तिचा फोन आला. मागच्या दारानं ये, पुढं गर्दी हाय. गेले. मनात काही आलं नाही.

निम्मं डोकं झालं आणि तिची मामी आत आली, परभणीची. ही कोण म्हणून विचारलं.

ऋतुजा म्हणाली, “पार्लरवाली हाय. हिंगोलीहून बोलावली.”

माझे हात थांबले. मामीनं मला वरून खाली बघितलं. “केसावरून तर मेंढरंवाल्याची दिसून राहिली,” म्हणाली.

आणि ऋतुजा हसली. आरशात हसताना मी तिला पाहिलं. मामीला खूश करायला हसली, का तिला खरंच हसू आलं, मला माहीत नाही. मला त्यानं काही फरकही पडत नाही.

मामी गेली. मग ते ओढणीचं.

मी बोटं तिच्या केसांतून काढली. बट ओढली जाऊ नये म्हणून हळू काढली. सवयच ती. उरलेलं जवस मोरीत ओतलं. अर्धंच झालं, आता मी काय करू, असं ती रडवेली होऊन म्हणाली.

“पार्लरवालीला बोलव,” मी म्हटलं. “मी मैत्रीण म्हणून आले होते.”

परत जाताना मागचं दार धरलं नाही. बैठकीतून गेले, सतरंजीवर बसलेल्या पाव्हण्यांमधून. केस मोकळे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कोणाची लेक? मी बापूंचं नाव सांगितलं. मेंढरं राखतेत, सांगितलं. हिंगोलीत ऋतुजाच्या खोलीवर राहते, तेही सांगितलं. आवाज कापला नाही.

त्या साली आमची मेंढरं त्यांच्या वावरात बसली नाहीत. येऊ नका म्हणून निरोप आला. आई माझ्यावरच करवादली. “घडीभर डोकं झाकलं असतं तर काय झिजली असतीस?” बापू कळप घेऊन लांब वारंग्याकडं गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते मला अजून सलतं. पण माझी चूक नव्हती, हे मी त्यांनाही सांगितलं.

ती खोली मी सोडली.

लग्नानंतर ऋतुजाचा एक मेसेज आला. “जवस किती वेळ उकळायचं गं? माझे केस लई खराब झाले.” माफी नाही. त्या सकाळबद्दल एक शब्द नाही. मी वाचला आणि पुसून टाकला.

आता हिंगोलीत पोरी माझ्याकडं येतात, कुरळ्या केसांच्या. आयांनी केस आवळून बांधलेल्या, वर्गात हसू झालेल्या. त्यांना मी सगळं शिकवते, काही हातचं राखत नाही. पण एक ठरलं आहे. ज्या घराला माझं नाव घ्यायची लाज वाटते, त्या घरातल्या डोक्याला माझा हात लागणार नाही. रडून मागितलं तरी नाही.