नानांचं अकरावं पान

अक्कांचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बसस्थानकावर अमळनेरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. "नाना गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या हातात नानांसाठीच छापून घेतलेल्या पानाची गुंडाळी होती. गाडी मिळाली, पण आता घाई कशाची होती...

नाना आमचे अमळनेरचे जुने शेजारी, अक्का त्यांच्या पत्नी. जमिनीच्या दप्तरात नोकरी करून निवृत्त झालेले. मोडी पाण्यासारखी वाचायचे. त्यांचं हे शेवटचं काम मीच त्यांच्या गळ्यात घातलं होतं. विलायतेतलं एक बडं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या पार्लमेंटात बसलेलं, हजारो एकरांचं. त्यांचे कागद तिथल्या दप्तरखान्यात जपलेले आहेत. त्यांचा एक मुलगा कधीकाळी खानदेशात अधिकारी होता. परत जाताना त्यानं इथल्या लोकांचे अर्जही सामानात नेले. मी इतिहास शिकवते. त्या दप्तरखान्याची यादी चाळताना या गठ्ठ्यापुढची ओळ दिसली, 'देशी लिपी, मजकूर अज्ञात.' मी फोटो मागवले आणि नानांना सांगितलं. ते भडकलेच.

"अज्ञात कसला? माणसांनी पोटतिडकीनं लिहिलंय! शिकारीची शिंगं न्यावी तसे नेले साहेबानं, वाचला एक नाही. आता उशिरा का होईना, वाचायचे."

फोनवर त्यांना दिसत नसे. म्हणून मी एकेक पान मोठं छापून न्यायची. मोडीत शब्द सुटे नसतात, ओळ सलग धावते. नाना खिडकीत बसून भिंग धरत आणि मोठ्यानं वाचत. "डोळ्यानं नाही, तोंडानं वाचायची ही," म्हणायचे. कुणाला विहिरीतला गाळ काढून हवा होता. शिंदखेड्याकडची एक बाई नवऱ्यामागं शेत आपल्या नावावर मागत होती. ते वाचून नाना भिंग खाली ठेवत म्हणाले, "हिला उत्तर भेटलंच नाही."

अशी दहा पानं झाली, ती उतरवून मी दप्तरखान्याला पाठवली. मग त्यांचा फोन आला, "एकच पान ऱ्हायनं शे. तू कवय येस?"

येत्या रविवारी, म्हटलं. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. तिसऱ्या रविवारी, खरं सांगायचं तर, काहीच नव्हतं, नुसता कंटाळा. गुंडाळी कपाटावर तयार पडली होती. चौथ्या रविवारी निघाले तर हा फोन. अक्का नंतर म्हणाल्या, रविवार उजाडला की ते भिंग पुसून खिडकीत ठेवायचे आणि म्हणायचे, "आज ती येई." हे ऐकल्यापासून मला माझीच शरम वाटते.

परवा दप्तरखान्याकडून मेल आला. यादीतली ओळ त्यांनी बदलली आहे. 'ग्रामस्थांचे अर्ज. दहा वाचलेले, एक अज्ञात.' तो 'अज्ञात' शब्द नानांना खोडायचा होता, आणि तो माझ्यामुळे राहिला. मोडी वाचणारं दुसरं कुणी मिळेलही, मी शोधते आहे. पण वाट पाहणारे नानाच होते.

भिंग अक्कांनी मला दिलं. कधीतरी ते अकराव्या पानावर धरते आणि मोठ्यानं वाचू पाहते. वरचं 'श्री' तेवढं ओळखू येतं. त्यापुढे कुणीतरी काहीतरी मागतं आहे.