तुरीतला नॉइज

गप्प उभं राहण्याचा पगार मिळतो, हे आमच्या मायला अजूनही पटलेलं नाही.

पण माझं काम खरंच ते होतं. जमिनीच्या पोटात काय आहे हे तपासणाऱ्या एका सर्वे पार्टीत मी हेल्पर म्हणून लागलो होतो. (हेल्परच्या खाली दुसरं पद नव्हतं. मी विचारून घेतलं होतं.) वावरावावरांतून लांबलचक केबल टाकायची आणि तिला जोडलेले जिओफोन जमिनीत रोवत जायचे. जिओफोन म्हणजे खाली खिळा असलेली एक डबी. जमिनीला जरा हादरा बसला की तिला लगेच कळतं. मग लांब कुठेतरी खोल भोकात सुरुंग उडवायचा. त्याचा हादरा खाली जातो, खडकांवर आपटून वर येतो आणि या डब्या तो टिपतात. तेवढा वेळ लाइनीजवळ कुणी पाऊलही हलवायचं नाही. भोंगा झाला की जो जिथे असेल तिथे खांब!

आता या डब्यांनी काय टिपलं, हे कळायचं फक्त पांढऱ्या गाडीतल्या साहेबांना. गाडीत स्क्रीन होता, स्क्रीनवर रेघा होत्या, आणि गाडीच्या दाराला जाड पडदा होता. उन्हातान्हात डब्या रोवायच्या मी, आणि जमिनीच्या पोटातलं पाहायचं साहेबांनी! लग्नाच्या पत्रिका आपण वाटाव्या आणि जेवायला आपल्यालाच बोलावू नये, तसं झालं होतं. पडदा वाऱ्याने हलला की मी मान लांब करून आत डोकावायचो. एकदा साहेबांचा डबा दिसला. त्यात वांग्याची भाजी होती. जमिनीबद्दल मला मिळालेली माहिती एवढीच.

गावोगावचे लोक विचारायचे, "काय सापडलं हो खाली? तेल हाये का सोनं?"

"ते सांगता येत नाही," मी गंभीर चेहरा करून म्हणायचो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग बातमी आली, की पार्टी इथलं काम संपवून दुसऱ्या जिल्ह्यात चालली आहे. इथल्या पोरांपैकी एकालाच सोबत नेणार आणि त्याला गाडीत बसवून स्क्रीनवरचं काम शिकवणार! माझी भूक गेली. (थोडी. दोन भाकरींच्या जागी दीड.) आणि शेवटची लाइन जाणार होती ती नेमकी धनजजवळच्या आमच्याच गावातून.

"तुम्हारा गाँव है, शांति रखना तुम्हारी जिम्मेदारी," साहेब म्हणाले. "फिर देखते हैं."

त्या 'देखते हैं'वर माझं पुढचं सगळं अडकलं होतं. मी घरी आलो आणि जेवताना सगळं सांगितलं. इथे माझी चूक झाली, कारण ऐकायला बाबा बसले होते.

आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, नुकतेच रिटायर झालेले. जन्मभर त्यांनी वर्गाबाहेर उभं राहून वर्ग गप्प ठेवले. मास्तरांना टेबल बडवून जे जमायचं नाही, ते बाबा दारातून नुसतं डोकावून करायचे. रिटायर झाल्यावर गप्प करायला घरात फक्त माय उरली होती, आणि तिथे त्यांची डाळ शिजत नव्हती. त्यामुळे अख्खं गाव गप्प करायचं आहे म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की मी घाबरलोच.

"तू काई फिकर करू नको," बाबा हात धुऊन उठले. "पाह्यजो आता."

थोड्याच वेळात विहारावरच्या भोंग्यातून त्यांचा आवाज गावभर घुमला. "जय भीम! समस्त गावकऱ्यांले सूचना! उद्या सकायी लाइनीचं काम हाये. कोणी कांडू नये, कुटू नये, हापशी हापसू नये. आन् काम असल्याबिगर कोणी चालूसुदिक नये!"

खालून कुणीतरी ओरडलं, "मंग संडासले कसं जावं?"

"हलक्या पायानं जा!" बाबांनी तेही माइकवरूनच सांगितलं.

तिथून ते सलीम चाचांच्या पिठाच्या चक्कीवर गेले. मी मागोमाग.

"सलीमभाई, उद्या चक्की बंद."

"अरे भाऊ, इलेक्शनमंदी बंद नाई केली, आता काहून?"

"पोराच्या नवकरीचा सवाल हाये."

"मंग ठीक हाये." चाचांनी माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "पर गावानं रोट्या कायच्या खावाच्या?"

"कालच्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावाला गाव म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. चक्की बंद, हापशी बंद, धुणं बंद. शाळेतली कवायतसुद्धा बंद. बाबांनी हेडमास्तरांकडे नुसतं पाहिलं म्हणे. हापशीपाशी माय पाणी भरायचा गुंड, म्हणजे आमच्याकडची कळशी, रिकामाच घेऊन उभी होती. मला पाहताच ती कुजबुजत्या आवाजात भांडली. (तिला कुजबुजताना मी प्रथमच ऐकत होतो.)

"नवकरी तुले, आन् तहान आमाले! कवापासून उभी हाव मी!"

"माय, थोडंसंच राह्यलं."

"काय सापडते रे त्यात?"

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो आणि तिच्या हातातला गुंड पाहून लाइनीकडे सटकलो.

डब्या रोवून झाल्या होत्या. लाइन गावाच्या कडेने निघून सरळ तुरीच्या वावरांत शिरत होती. यंदा तूर डोक्याच्या वर गेलेली. आत माणूस शिरला की बाहेरून दिसायचा नाही. मी लाइनीच्या एका टोकाला उभा राहिलो, वॉकीटॉकी तोंडाला लावला आणि छाती फुगवून म्हणालो, "साहेब, सब शांत."

"शांत कहाँ है?" साहेब खेकसले. "बीच में नॉइज है! धप, धप, धप. और चल रहा है!"

आता लाइनीवर नॉइज म्हणजे काय, तर नको असलेला कुठलाही हादरा. पंप, बैल, झाडाची हलणारी मुळं, काहीही. हेल्परने जायचं, शोधायचं आणि बंद करायचं. पण पंप जागचा हलत नाही. हा चालत होता! मी तुरीत शिरलो.

"साहेब, दो पाँव का है के चार का?"

"मशीन है भाई, पाँव नहीं गिनती! तुमको किसलिए भेजा है?" पण त्यांच्या आवाजातही आता उत्सुकता होती. "अरे, रुक गया. जैसे कुछ सुन रहा है. हाँ... फिर चला."

थांबून कानोसा घेणारा नॉइज! आमच्याकडे तुरीत दोघांपैकी एक असतं, रोही, म्हणजे नीलगाय, नाहीतर रानडुक्कर. रोही आपल्याला पाहून पळत जातो. डुक्कर आपल्याला पाहून पळत येतं. मी खालचं एक मोठं ढेकूळ उचललं. ते हातातच फुटलं. दुसरं उचललं आणि हळूहळू पुढे सरकू लागलो. भीती वाटत होती, हे खरं. पण ते काय आहे हे पाहिल्याशिवाय मागे फिरावं असंही वाटेना.

"अरे बाप रे!" वॉकीटॉकी ओरडला. "दूसरा भी आ गया!"

"दूसरा?"

"हाँ! पहले से भारी! पहले वाले की तरफ जा रहा है!"

म्हणजे जोडी होती! एक पुढे आणि एक, काय सांगावं, माझ्या मागेच! मी वळून पाहिलं. काही नाही. मी पळू लागलो.

"दूसरा भागने लगा!"

मी थांबलो.

"रुक गया!"

मी अंदाज घ्यायला एकच पाऊल टाकलं.

"फिर चला! चालाक है साला!"

इथे एखाद्या शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. माझ्या डोक्यात डुक्कर होतं.

समोर थोड्या अंतरावर तुरीचे शेंडे सळसळत माझ्याकडेच येत होते. मी श्वास रोखून उभा राहिलो. तेवढ्यात तिकडची सळसळही थांबली. साहेबांना स्क्रीनवर दोन्ही नॉइज एकदमच गप्प झालेले दिसले असणार. असा मौका कोण सोडतो? त्यांनी भोंगा दिला.

भोंगा झाला की हलायचं नाही, हे मीच घरी बजावून बजावून सांगितलं होतं. समोरच्या तुरीतलं एक पानही हलेना. आणि मला वाटलं, हे दबा धरून बसलं! आता झेप घेणार! नियम गेला, नोकरी गेली, गाडी गेली, मी जीव घेऊन पळालो. मागे पळतोय असं मला वाटत होतं; तुरीत दिशा कुणाला कळते? पाय केबलमध्ये अडकला. मी पळतोय, केबल माझ्या मागे, आणि केबलमागे डब्या भुईमुगाच्या शेंगा उपटल्यासारख्या टपाटप उपटून येताहेत! नेमका त्याच वेळी लांब सुरुंग उडाला. पायाखालून जमिनीने एक खोल धप्प दिलं आणि मी तोंडावर पडलो. समोर चपला होत्या. चपलांत... नव्हे, एका चपलेत पाय होता. दुसरा पाय हवेत.

मी वर पाहिलं. बाबा! एक पाय उचललेला, काठी डोक्यावर उगारलेली, नजर सरळ समोर. राष्ट्रगीत सुरू असल्यासारखे ताठ.

"बाबा?"

"हालू नको," बाबा ओठ न हलवता म्हणाले. "भोंगा झाला हाये."

"तुमी अथी काय करून राह्यले?"

"लाइनीवर कोणी चालते का, ते पाहून राह्यलो."

"चालून चालून?"

"मंग काय उडून पाहू?"

"आन् काठी कायले उगारली?"

"समोरून डुक्कर येऊन राह्यलं होतं ना! लय मोठं! धापा टाकत होतं!"

मी धापा टाकायचं बंद केलं. दुसरा भोंगा झाला, म्हणजे रेकॉर्ड संपलं. तेव्हा कुठे बाबांनी पाय खाली ठेवला.

मी उठलो तसं अंगाखाली दाबलेलं वॉकीटॉकीचं बटण सुटलं, आणि आमचं सगळं बोलणं ऐकलेल्या साहेबांचा आवाज आला, "दोनों नॉइज गाड़ी के पास आओ."

आम्ही गेलो. गुन्हेगार म्हणून का होईना, आज पडद्याच्या आत जायला मिळणार, या विचाराने मला त्या अवस्थेतही आनंद झाला होता. बाबांनी हेडमास्तरांच्या ऑफिसच्या सवयीने दाराबाहेर चपला काढल्या, टोपी नीट केली. माझ्या गळ्यात केबल होती आणि नाकापासून गुडघ्यापर्यंत काळी माती.

"आप अंदर आइए, चाचाजी," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तुम बाहर रुको. इतनी मिट्टी मशीन को नहीं चलेगी."

पडदा पडला. मी गाडीच्या पत्र्याला कान लावला. आतून बाबांचा आवाज येत होता. "हे काय हाये?... हव का?... अच्छाऽऽ!" त्या प्रत्येक 'अच्छा'गणिक माझा जीव वरखाली होत होता. मला अगदी रडू येत होतं, खोटं कशाला सांगू! जन्मभर वर्गाच्या दाराबाहेर उभे राहिलेले बाबा आज आत होते, आणि दाराबाहेर मी.

बाबा बाहेर आले. मी त्यांचा हातच धरला. "बाबा! काय दिसलं? खाली काय हाये?"

बाबांनी नीट आठवून सांगितलं, "तू."

"मी?"

"भोंगा झाल्यावर साऱ्या रेघा सरय होत्या. फक्त एक वाकडीतिकडी, अशी पयत आलेली. साहेब म्हने, हे तुमचं पोट्टं."

मागून माय आली, अजूनही गुंड रिकामाच. "झालं का रे बाबू? भरू का पानी?" "भर!" बाबा म्हणाले, आणि बाजूच्या घरांतून बाया गुंड घेऊन धावत सुटल्या.

साहेब मात्र बाबांनाच न्याहाळत होते. "हर गाँव में शोर बंद कराने में आधा दिन जाता है हमारा. आपने चक्की, हापशी, स्कूल, सब बंद करवाया. ऊपर से भोंगे पे एक पाँव पे खड़े रहे! चाचाजी, आप चलिए हमारे साथ."

जागा एकच होती, ती गेली. मी केबल गळ्यातून काढून गुंडाळायला लागलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"मी येतो. पर पोराले बी घ्या, साहेब."

"ये क्या करेगा?"

बाबांनी खूप विचार केला. मुलासाठी काहीतरी चांगलं बोलायचं होतं त्यांना, पण ते खोटं बोलत नाहीत. "माह्याजवळ राह्यला," ते म्हणाले, "तं याच्यावर ध्यान राहीन."

अशी माझी निवड झाली. आता आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात आहोत. दुपारी बाबा पडद्याच्या आत साहेबांसोबत चहा पितात आणि मी बाहेर डब्या रोवतो. जमिनीखाली काय आहे हे मी त्यांनाही विचारून पाहिलं. "ते सांगता येत नाई," म्हणाले. नवीन गाव आलं की बाबा पारावर उभे राहतात, आणि लोक आपोआप खाली बसतात. मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारतंच, "आन् हे कोण हो?"

"हा?" बाबा वळूनही पाहत नाहीत. "हा आपला नॉइज हाये. पयले याले गप करतो, मंग तुमच्या गावाकडे पाहतो."